दुकानं खाली, घरं वर आणि पार्किंगचा नकाशा

खाली दुकानं, वर फ्लॅट अशा इमारतीत राहत असाल तर हे वाचा. आमच्याकडे सकाळी दहापर्यंत रहिवाशांच्या गाड्या निघतात आणि दुकानांची शटरं उघडतात. पार्किंगची तीच जागा दिवसा दुकानदारांनी वापरावी, रात्री आम्ही, हे सभेत पटकन पटलं. पण दुकानदार म्हणाले, "कुठली जागा कोणाच्या वाट्याची, ते आधी मंजूर नकाशावर दाखवा." मुद्दा रास्त होता. नकाशा मात्र सोसायटीकडे नव्हता आणि बिल्डरनं हात वर केले.

मग बांधकाम परवानगी विभाग. खिडकीवर सांगितलं, फाइल रेकॉर्डला गेली. रेकॉर्डवाले म्हणाले, आलीच नाही. दोघांची टेबलं एकाच मजल्यावर! साधा अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. शेवटी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 30 दिवसांची मुदत उलटली तरी शांतता. मुदतीत उत्तर नसेल तर कायदा तो नकारच धरतो, म्हणून पहिलं अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन: "फाइल सापडली, या." इतके दिवस ती कुठे होती, हे विचारायची सोय नाही.

अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, राज्याच्या नियमांत तसं आहे. आमचे खजिनदार त्यात ड्रेनेजही घुसवणार होते. प्रत नुसती मागू नका, फाइल पाहू द्या असंही लिहा.

नकाशा आल्यावर बाकीचं सोपं गेलं. "मी स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा) विकत घेतलंय" म्हणणाऱ्या एका काकांना सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा दहिसरच्या पांचाली सोसायटीचा निकाल दाखवला: बिल्डरला स्टिल्ट वेगळं विकता येत नाही. काका अजून बोलत नाहीत माझ्याशी.

हो, एक राहिलं. वेळा ठरवताना दवाखाना विसरू नका, त्यांची गर्दी संध्याकाळीच असते. आमच्या डॉक्टरांना रात्री नऊपर्यंत दोन जागा ठेवल्या. ठरावाची प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा, नाहीतर रोज संध्याकाळी फोन तुम्हालाच येतील.