बाबांच्या खाणीची वाट

ठाण्याहून नेरुळला येताना लोकलच्या डाव्या खिडकीतून पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबत असतो. हिरव्या उतारात मध्येच उभे कापलेले काळे-करडे कडे दिसतात. त्या बंद पडलेल्या दगडखाणी. त्यातल्या एका खाणीत माझ्या बाबांनी एकवीस वर्षं जॅकहॅमर चालवला. लहानपणी आम्हा भावंडांना तिकडे फिरकायचीही बंदी होती. पुढे खाण बंद झाली, दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि मी एक्कावन्न वर्षांची झाले तरी ती जागा जवळून पाहिली नव्हती. गेल्या डिसेंबरात पाहिली.

मला गुडघ्यांचा त्रास आहे आणि उंचीची भीती वाटते. म्हणून आधी सहा आठवडे आमच्या बिल्डिंगचे चार मजले रोज सकाळी दहा वेळा चढले-उतरले. चढण्यापेक्षा उतरण्याचाच सराव जास्त उपयोगी पडला, हे गुडघेदुखी असलेल्या कुणालाही मी आवर्जून सांगेन. सोबत धाकटा भाऊ होता आणि बाबांबरोबर काम केलेले काका. काका सत्तरी ओलांडलेले, पण वाट त्यांच्या पायांना पाठ. डंपरचा जुना रस्ता आहे. तो लांबचा पण सोपा. मला मात्र मजूर रोज ज्या पायवाटेने चढायचे, त्याच वाटेने जायचं होतं. काकांनी माझ्या बुटांचे तळ उलटे करून पाहिले आणि मग हो म्हणाले.

सव्वासहाला निघालो. पहिली वीस मिनिटं गिरिपुष्प आणि घाणेरीच्या झुडपांतून गेली. गवत वाळलेलं, सलवारभर कुसळं. त्यानंतर वाट एकदम उभी झाली. पावसाने कापलेली अरुंद घळ, खाली सुटा मुरूम, मध्ये मध्ये डोकं वर काढलेले कातळ. पाय टाकला की खडे घरंगळत जायचे आणि ते खाली कुठेतरी आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने यायचा. अर्ध्यावर मी थांबले. पुढे जाववेना, मागे वळवेना. हाताशी कारवीच्या झुडपाची काठी होती, ती धरणार तोच काका ओरडले, "वाळलेली हाय ती, धरू नगंस!"

मग ते दोन पावलं खाली आले आणि आपली काठी माझ्या हातात दिली. "दगुड ठोकून बघ. खणखण वाजला तर पाय ठिव. बद्द वाजला तर सोड त्याला."

मी ठोकलं. पहिला दगड घट्ट, स्पष्ट वाजला. दुसरा पोकळ, मडक्यासारखा. फरक इतका ठळक होता की मी परत परत ठोकून पाहिला. खाणीत सुरुंग उडाल्यावर कड्यावरचे सुटलेले दगड असेच पहारेने वाजवून ओळखत आणि आधी पाडून टाकत. बाबा आमच्या घरात नवी फरशी बसवली तेव्हा बोटांच्या पेरांनी प्रत्येक फरशी ठोकत घरभर फिरले होते, ते मला तिथे घळीत उभं असताना आठवलं. कान कामाला लागला तशी भीती मागे पडत गेली. चाळीस-पन्नास दगड वाजवत मी वर आले.

वर वारा होता. पश्चिमेला ठाण्याची खाडी, वाशीचा पूल, कांदळवनाची गडद पट्टी, अलीकडे नेरुळ-सीवूडच्या इमारती, दक्षिणेला पनवेलची खाडी धुरकट. 1972 च्या दुष्काळात आई-बाबा माणदेशात सरकारी कामावर खडी फोडत होते आणि सुकडी खाऊन दिवस काढत होते. पुढच्या वर्षी ते इकडे आले. सिडको ही सरकारी कंपनी 1970 साली स्थापन झाली होती, 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर व्हायचं होतं, दगड कितीही निघाला तरी कमीच पडायचा. काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा खडी कितीतरी जास्त असते. वरून मी आमची बिल्डिंग शोधली. सापडली. तिच्यातली खडी कुठल्या खाणीतली, कुणास ठाऊक, पण मला ती याच डोंगराची वाटली.

खाण पलीकडच्या अंगाला. कड्याच्या वरच्या कडेपासून काकांनी आम्हाला दहा हात लांब ठेवलं, कारण तिथली माती आतून सुटलेली असते. बाजूने उतरून तळाशी गेलो. समोर सात-आठ मजल्यांइतकी उभी भिंत. लाव्हाचे थर एकावर एक, समुद्राच्या बाजूला किंचित झुकलेले. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक उन्हात चमकत होते. बाबा असे तुकडे खिशात घालून आणायचे, आम्ही त्यांना साखर म्हणायचो. भिंतीतल्या फटींतून पाकोळ्या ये-जा करत होत्या. खाली खोल हिरवं पाणी साठलेलं. ते दिसायला शांत असलं तरी त्यात उतरू नये. काठ तळापर्यंत सरळ तुटलेला आहे.

भिंतीवर उभ्या अर्ध्या नळ्या दिसल्या, हातभर लांबीच्या. सुरुंगाची भोकं. दगड फुटून पडला की भोकाचा मागचा अर्धा भाग असा भिंतीला राहतो. बाबा हे भोक पाडायचे, हवेने धूळ उडवून साफ करायचे. मग दुसरा माणूस दारू भरायचा, मातीची ठासणी करायचा, लाल निशाण लावून शिट्टी वाजवायचा. एक नियम बाबा आम्हाला गोष्टीसारखा सांगायचे: जुन्या भोकाच्या तळाशी न उडालेली दारू असू शकते, म्हणून त्यात पुन्हा कधी ड्रिल घालायचं नाही, नवं भोक बाजूला पाडायचं. एका माणसाने घाई केली होती. त्याचं नाव बाबांनी कधी सांगितलं नाही.

एका नळीत मी दोन बोटं घातली. बरोबर बसली. आत अजून बारीक धूळ होती, पीठासारखी. हीच धूळ बाबांच्या छातीत गेली. तोंडाला ओला पंचा बांधायचे, तेवढंच संरक्षण. शेवटची सहा वर्षं ते उशांना टेकून बसूनच झोपले. मी तिथे खूप रडले. भाऊ जवळ येऊन नुसता उभा राहिला.

काकांनी एका सपाट जागेकडे बोट दाखवलं. तिथे बायका बसून खडी फोडायच्या, माझी आईसुद्धा. पैसे ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. जमिनीवर अजून कच पसरलेली होती. तिथेच बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला.

उतरताना डंपरचा रस्ता धरला. एका वळणावर पावसात दरड आली होती, तेवढा तुकडा पुन्हा दगडांवरून पार करायचा होता. काठी माझ्याकडेच होती, म्हणून मी पुढे झाले. चौथा की पाचवा दगड बद्द वाजला.

"काका, हा सोडा," मी मागे वळून म्हटलं.

काकांनी पाय उचलून पलीकडे टाकला.