डिलीटसुद्धा सिंक होतं

ड्रॉपबॉक्स, म्हणजे आपल्या फाईली इंटरनेटवर ठेवून सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या ठेवणारी (यालाच सिंक म्हणतात) सेवा, तिची जन्मकथा बऱ्याच जणांना माहीत असेल, ड्रू ह्यूस्टन नावाचा मुलगा बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला, लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं की पेनड्राइव्ह घरीच राहिलाय, मग वैतागून बसमध्येच कोड लिहायला बसला. २००७ मध्ये अराश फिरदौसीबरोबर कंपनी काढली वगैरे. मला ही गोष्ट फार आवडते कारण पेनड्राइव्ह विसरणाऱ्यांच्या जमातीतला मी जुना सभासद. विसरायचो तरी, नाहीतर आणायचो पण त्यात फाईल परवाची असायची.

तर गेली काही वर्षं माझं सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर आहे. घरचा डेस्कटॉप, फिरतीचा लॅपटॉप आणि ऑफिसचं मशीन, तिन्हीकडे एकच फोल्डर. कोणी विचारलं की हे चालतं कसं तर मी सांगतो की तो फोल्डर आपल्याच हार्डडिस्कवर असतो, फक्त त्याच्यावर एक सॉफ्टवेअर सतत डोळा ठेवून बसलेलं असतं, काही बदललं की सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर बाकीच्या मशीनना. ड्रॉपबॉक्स तर फाईलचे ४ एमबीपर्यंतचे तुकडे करतं आणि जो तुकडा बदललाय तेवढाच वर पाठवतं, त्यामुळे मोठ्या फाईलमध्ये शेवटी थोडीशी भर घातली तर पहिल्यासारखं ताटकळत बसावं लागत नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर असतील तर एकमेकांकडूनच फाईल घेतात, इंटरनेटवरून फिरून यायची गरज नाही.

एवढं सगळं माहीत असूनही मी जो घोळ घातला तो घातलाच.

झालं असं की लॅपटॉपची डिस्क भरली, लाल पट्टी दिसायला लागली. बघतो तर निम्मी जागा घरच्या फोटोंनी खाल्लेली. हे फोटो माझ्या आणि ताईच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, तिने जुने अल्बम बसून बसून स्कॅन केलेले. मी म्हटलं हे तर क्लाउडवर आहेतच की, लॅपटॉपवर कशाला पाहिजेत, फोल्डर उघडला, सगळं सिलेक्ट केलं, डिलीट, वर रिसायकल बिनपण रिकामी केली कारण जागा हवी होती ना. एक वॉर्निंग आली होती बहुतेक, वाचली कोणी!

तेवीस दिवसांनी ताईचा फोन. "अरे, आईबाबांच्या लग्नाचे फोटो तू कुठे हलवलेस का? फोल्डर आहे पण आत काहीच नाहीये."

पोटात गोळा आला. कारण सिंकच्या दृष्टीने मी फोटो नुसते लॅपटॉपवरून नाही, त्या फोल्डरमधूनच पुसले होते, आणि त्या बिचाऱ्याने इमानेइतबारे तो बदल सगळीकडे पोचवला, सर्व्हरवर, माझ्या डेस्कटॉपवर आणि ताईच्या कॉम्प्युटरवरसुद्धा. गंमत म्हणजे अख्खा शेअर्ड फोल्डरच उडवला असता तर तो फक्त माझ्याकडून गेला असता, मी त्यातून बाहेर पडलो असं धरलं असतं. आतल्या फाईली उडवल्या म्हणून सगळ्यांच्या गेल्या. हे मला नंतर कळलं.

वाचलो कशामुळे, तर क्लाउड सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन केल्यावर डाव्या बाजूला एक वेगळी कचरापेटी असते तिथे ३० दिवस फाईली पडून राहतात. ही कॉम्प्युटरवरची रिसायकल बिन नव्हे, वेगळी. तिथून सगळे फोटो परत मिळाले. ताईला अजून आठ दिवस उशिरा आठवण झाली असती तर मला हे लिहायला तोंड राहिलं नसतं.

मुळात मला जे हवं होतं त्याचं बटण वेगळंच आहे. वनड्राइव्हमध्ये (ही मायक्रोसॉफ्टची तशीच सेवा) फाईलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस', ड्रॉपबॉक्समध्ये 'ऑनलाइन-ओन्ली'. फाईलचं नाव दिसत राहतं, छोटा ढग येतो शेजारी, आणि उघडली की खाली उतरते. जागा रिकामी होते आणि बहीण बोलायची थांबत नाही.

दुसरी एक कटकट म्हणजे एकच एक्सेल दोन ठिकाणी उघडी ठेवणं. डेस्कटॉपवर उघडीच टाकून निघालो, लॅपटॉपवर नेट नसताना त्यातच बदल केले, मग सॉफ्टवेअरला कळत नाही खरी कुठली, म्हणून ते 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची दुसरी फाईल करून ठेवतं. लोक चिडतात यावर, पण मला ते बरोबर वाटतं, गुपचूप एक पुसून टाकण्यापेक्षा दोन ठेवलेल्या बऱ्या. गुगल डॉक्सला ही भानगड नाही कारण तिथे सगळे एकाच फाईलमध्ये लिहीत असतात. पण तिथली मेख वेगळी, गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसणारी डॉक्सची फाईल म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता असतो, ती पेनड्राइव्हवर कॉपी करून नेट नसलेल्या ठिकाणी गेलात तर हात हलवत परत याल.

फुकट जागेबद्दलही एक सांगून ठेवतो. ड्रॉपबॉक्सवर २ जीबी, वनड्राइव्हवर ५, गुगलवर १५ पण त्यात जीमेल आणि फोटोही आले. आणि ड्रॉपबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर प्रत्येक मेंबरच्या कोट्यातून जागा खातो, गुगलमध्ये फक्त ज्याची फाईल त्याच्या. कोणाचा मोठा फोल्डर जॉइन करण्याआधी हे बघून घ्या.

आता त्या फोटोंची एक कॉपी साध्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आहे, जिला सिंक वगैरे काही कळत नाही, कपाटात पडून असते, महिन्यातून एकदा जोडतो. आणि फोल्डर आता ताईच्या अकाउंटवरून शेअर होतो. तिने मला व्ह्यूअर करून ठेवलंय, म्हणजे फक्त बघायचं, हात लावायचा नाही. नवीन फोटो टाकायचे असले की मी तिला मेल करतो, मग ती टाकते.