आमची वाटचाल: करवंदापासून चेरीपर्यंत

वडिलांच्या काळी आमच्या कारखान्यात कोल्हापुरातल्या बेकऱ्यांसाठी टूटीफ्रूटी आणि लाल चेरी तयार होत असे, आणि ती चेरी करवंदाची असे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतून उन्हाळ्यात येणारी, काळी न पडलेली, नुकता गुलाबी रंग धरलेली करवंदे निवडायची, चिरून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक घालवायचा, रंग द्यायचा आणि मग साखरेच्या पाकात मुरवायची, असा तो क्रम होता. हंगाम संपेपर्यंत कामावरच्या मावशींच्या बोटांना तेल लावल्याशिवाय चीक सुटत नसे. रंग एरिथ्रोसिन या कृत्रिम लाल रंगद्रव्याचा असे. आम्लात तो विरघळत नाही, त्यामुळे एकदा फळात बसला की केकवरच्या क्रीममध्ये उतरत नाही. केकसाठी ती चेरी उत्तम होती आणि आजही आम्ही ती बनवतो, मात्र लेबलावर करवंदाचे नाव ठळक असते.

पुढे पुण्या-मुंबईच्या बारमधून मागणी येऊ लागली, तेव्हा हे फळ तिथे चालणार नाही हे आमच्या लक्षात आले. मॅनहॅटनसारख्या कॉकटेलमध्ये चेरी ग्लासच्या तळाशी असते आणि शेवटी खाल्ली जाते. तिथे नुसता गोडवा आणि रंग पुरत नाही, फळाची आंबट-तुरट चव लागते. कॉकटेलमधल्या या चेरीचा उगम क्रोएशियाच्या ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झादर परिसरातल्या आंबट, काळपट मरास्का चेरीत आहे. तिथे 1821 मध्ये सुरू झालेली लुक्सार्दो ही पेढी दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या तोरेलिया येथे गेली आणि आजही गडद पाकातली चेरी बनवते. भडक लाल चेरीची रीत अमेरिकेतली. तिथल्या ओरेगन राज्यात संशोधक अर्नेस्ट विगँड यांनी कॅल्शियमचे क्षार वापरून फळ टणक ठेवण्याची पद्धत बसवली. सल्फर डायऑक्साइड या गंधकाच्या वायूच्या द्रावणात फळ पांढरे पडते आणि मग त्याला रंग व सुवास दिला जातो. फळ दिसायला देखणे राहते, पण स्वतःची चव त्यात फारशी उरत नाही. म्हणून फळ पांढरे करायचे नाही, असे आम्ही ठरवले.

काश्मीरची चेरी मे-जूनमध्ये वाशीच्या बाजारात येते. हिरवे देठ, घट्ट साल आणि गडद रंग पाहून आम्ही माल घेतो; मऊ पडलेले फळ बी काढतानाच फाटते. खरी कसोटी पाकाची असते. ताजे फळ एकदम दाट पाकात टाकले तर त्यातले पाणी झपाट्याने बाहेर येते आणि ते आक्रसून चिवट होते. म्हणून सुरुवात 30 ब्रिक्सच्या (म्हणजे शंभर भागांत सुमारे 30 भाग साखर असलेल्या) आसपासच्या पातळ पाकाने करायची, रोज पाक निथळून, थोडा आटवून पुन्हा फळावर ओतायचा आणि सावकाश 65 च्या पुढे न्यायचा. आपली चेरी मरास्कापेक्षा गोड असल्याने लिंबाचा रस घालावा लागतो. कोल्हापूरचा गूळ करवंदाला छान मानवतो, चेरीला नाही. गुळाची चव चेरीला झाकून टाकते. पाकात आम्ही मद्य घालत नाही, कारण त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना लागतो. ज्यांना हवी त्यांनी बरणी उघडल्यावर ब्रँडी घालून फ्रीजमध्ये मुरू द्यावी.

बरणी कोणाचीही घ्या, पण आधी घटकांची यादी वाचा. त्यातल्या सांकेतिक आकड्यांत 127 म्हणजे एरिथ्रोसिन, 122 म्हणजे कार्मोइसिन हा आणखी एक कृत्रिम लाल रंग, 220 म्हणजे सल्फर डायऑक्साइड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली; करवंदाच्या चेरीतही बिटाचा रंग वापरण्याचे आमचे प्रयोग त्यामुळेच सुरू आहेत. तापवल्यावर बिटाचा रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून तो शेवटी, पाक कोमट झाल्यावर घालून पाहतो आहोत.