नांदूर मध्यमेश्वरच्या चिखलातला टेमिंकचा टिलवा

नाशिकहून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं आणि पाखरांचं फावलं. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. जानेवारीत चापडगावच्या बाजूने गेलो तेव्हा बहुतेक दुर्बिणी बदकांवर रोखलेल्या होत्या. आम्ही काठचा चिखल धुंडाळत होतो, आणि यादीत नवा पक्षी तिथेच मिळाला: टेमिंकचा टिलवा, चिखलात टिपणारा चिमुकला पाणपक्षी.

‘छोटा टिलवा’ (लिटल स्टिंट) या त्याच्या भाऊबंदांचा थवा उघड्या चिखलात धावत होता, चोची शिवणयंत्राच्या सुईसारख्या चाललेल्या. गवताच्या कडेला मात्र तेवढाच एक राखी-तपकिरी पक्षी, एकटा, पाय वाकवून दबकत, सावकाश टिपत होता. ही चालच आधी डोळ्यांत भरते.

टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळट-हिरवे, छोट्याचे काळे. पण एवढ्यावर नोंद करू नये. चिखल माखला की पिवळे पाय काळे दिसतात. पक्षी पाण्यातून चालून पाय धुतले जाईपर्यंत थांबावं. तोवर छाती पाहावी: टेमिंकची धुरकट छाती पांढऱ्या पोटापासून स्पष्ट तुटते, हिवाळी पिसाऱ्यातल्या छोट्याची छाती मधोमध पांढरी असते. तुतवारही असाच साधा दिसतो, पण तो मोठा, शेपूट सतत हलवणारा, आणि त्याच्या खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग वर चढलेला असतो.

पक्की खूण शेपटीत. उडताना कडेची पिसं शुभ्र दिसतात; छोट्याची राखाडी असतात. त्यासाठी पक्षी मुद्दाम उडवणं मला अजिबात मान्य नाही. खाण्याचा वेळ त्यांच्यासाठी मोलाचा असतो. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी चिखलावरून कमी उंचीवर गेला की सगळे आपोआप उठतात. तेव्हा नजर त्या एकावरच ठेवावी, कॅमेऱ्याचं शटर १/२००० सेकंदावर. आवाजही ऐकावा: छोटा तुटक ‘टिट्’ करतो, टेमिंकचा बारीक, थरथरता ‘ट्रिरिरिर’.

सूर्य पाठीशी घ्यावा, टेलिस्कोप २५-३० पटींवर. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते, मग ६० पटीने फक्त धूसरपणा वाढतो. आणि निघण्याआधी धरणातून पाणी सोडण्याच्या आवर्तनाची चौकशी करावी: वरून दारणा धरणाचं पाणी सोडलं की पातळी चढते, काठचा चिखल बुडतो आणि टिलवे दुसरीकडे पांगतात.