सोफ्याला मॅच होणारं आभाळ

आज सकाळी मुंबईत बाणगंगा तलावावर जलरंगात चित्र काढत बसलो होतो. पावसाळी हवा, त्यामुळे पहिला वॉश, म्हणजे आभाळाचा पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नव्हता. कागदावरचं आभाळ ओलं असतानाच त्यावर दीपमाळ रंगवली असती तर सगळा रंग पसरला असता. मग तेवढ्या वेळात कॅमेरा काढला. फोटोत पायऱ्यांखालची सावली नुसती काळी येते. डोळ्यांना मात्र त्यात जांभळा दिसतो, शेवाळाचा हिरवा दिसतो. म्हणून मी फोटो फक्त मोजमापाला वापरतो, रंग जागेवरच टिपून घेतो. बदकं काही पोज देत नाहीत, ती तेवढी फोटोवरून.

मागे एक आजी उभ्या राहून बघत होत्या. "अरे, आमची बिल्डिंग पण घाल की त्यात!" घातली. टाकीसकट.

चित्रकार सय्यद हैदर रझांनी पॅरिसला जाण्यापूर्वी, १९४० च्या दशकात, याच शहराची जलरंगातली चित्रं केली. तेव्हा कुणी त्यांना "सोफ्याला मॅच होईल का?" विचारलं असेल का, देव जाणे. मला दुपारी एका गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं. आभाळ जरा निळं करून मिळेल का, हेही. नाही म्हटलं. जुलैतलं आभाळ आहे हो ते!

स्वतंत्र चित्रकार म्हटलं की लोकांना मोकळा वेळ दिसतो. गॅलरीचं भाडं, माउंट, काच, टेम्पो हे दिसत नाही. फ्रेमवाल्याला आगाऊ द्यायचेत, तेव्हा रविवारी ठाण्यात बारशाचे फोटो काढतोय. जेवण चांगलं असतं, खोटं कशाला बोलू.