पावसातली सायकल सहल: कपडे, चेन आणि मुक्कामावरचा अर्धा तास

डोंगरातून उतरून समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता, रोज नवा मुक्काम, सगळं सामान सायकलवरच आणि जाता जाता रेंगाळलेला पाऊस. अशी राइड आम्ही काही जणांनी नुकतीच पूर्ण केली. आमच्यात स्पर्धेत उतरणारं कुणी नाही. सगळी नोकरीधंदा सांभाळून हौसेने सायकल चालवणारी मंडळी. परत आल्यापासून जो भेटतो तो चढ किती, रोज अंतर किती हे विचारतो आणि लगेच खऱ्या प्रश्नावर येतो: कपडे काय नेले होते, आणि एवढ्या चिखलात सायकलचं काय केलं? त्यामुळे रस्त्याचं वर्णन थोडक्यात आणि या दोन गोष्टी सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संध्याकाळी धुतलेला कपडा सकाळपर्यंत वाळत नसेल, तर तो कितीही चांगला असला तरी बरोबर घेऊ नका. आणि दिवसभराचा चिखल चेनवर तसाच ठेवून झोपू नका. दुसऱ्या दिवशीची राइड सुखाची होणार की त्रासाची, हे बरंचसं आदल्या संध्याकाळीच ठरतं.

पहिला टप्पा चढाचा होता. चढावर वेग कमी, वारा लागत नाही आणि घाम थांबत नाही. आमच्यातल्या एकाने सुती टी-शर्ट घातला होता; अर्ध्या चढातच तो पाठीला चिकटला आणि माथ्यावर थांबल्याबरोबर त्याला कुडकुडायला लागलं. यामागे कापडाचा गुणधर्म आहे. सुती धागा साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या जर्सीतला घाम कापडाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि उडून जातो. सुती कापडात तो धाग्यातच मुरून बसतो. मेरिनो लोकरीचं (मेरिनो मेंढीच्या बारीक, मऊ लोकरीचं) वेगळंच आहे. ती भरपूर ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही आणि दोनतीन दिवस वापरूनही फारसा वास येत नाही. मात्र वाळायला पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते. मी चालवायला पॉलिएस्टरच्या दोन जर्सी आणि मुक्कामावर घालायला मेरिनोचा एक पातळ टी-शर्ट नेला. थंडीत वेगळी निवड करावी लागेल, पण या हवेत हा हिशोब अगदी बरोबर बसला.

जर्सी घेताना रंगाच्या आधी मागचे खिसे बघा. खिशात फोन, पंप आणि खाऊ भरून, हँडलवर ओणवं झाल्यासारखं वाकून पाहा. खिसे लोंबून कमरेखाली घसरत असतील तर ती जर्सी मोठी आहे. उभं असताना समोरून थोडी आखूड वाटणारी जर्सीच सायकलवर नीट बसते.

माथ्यावरून उतार सुरू झाला की सगळं उलटं होतं. अंग घामाने ओलं, पाय जवळजवळ थांबलेले आणि समोरून जोराचा वारा. इथे सगळ्यात उपयोगी पडला तो बिनबाह्यांचा पातळ विंडचीटर, ज्याला जिलेट म्हणतात. घडी करून मुठीत मावतो, छातीवरचा वारा अडवतो आणि पाठीला जाळी असल्याने गुदमरत नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच घाला. थंडी भरल्यावर घालून फार उपयोग होत नाही. जोडीला बाह्यांसाठी आर्म वॉर्मर. चढ लागला की ते चालता चालता मनगटाशी उतरवता येतात, त्यामुळे एक पूर्ण बाह्यांची जर्सी वाचते.

रेनकोटबद्दल मात्र अपेक्षा जपून ठेवा. श्वास घेणारं वॉटरप्रूफ कापड आतली वाफ बाहेर टाकतं ते आत आणि बाहेर आर्द्रतेचा फरक असतो म्हणून. बाहेर मुसळधार पाऊस, हवा दमट आणि जॅकेटचं वरचं कापड पाणी शोषून जड झालेलं असेल तर वाफ जाणार कुठे? मग आतून घामानेच भिजायला होतं. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, कारण त्याच्या वरच्या थराला पाणी झटकणारा लेप असतो. तो लेप मळाने आणि वापराने दमतो. जॅकेट सौम्य साबणाने धुऊन, आतल्या लेबलवर परवानगी असेल तर हलकी उष्णता दिली की बऱ्याचदा तो पुन्हा काम करू लागतो. उबदार हवेतल्या पावसात मी जॅकेट चढावर काढून टाकत होतो आणि उतारावर घालत होतो. भिजणं ठरलेलंच आहे, गारठणं टाळायचं.

आता शॉर्ट्स. यावर थोडं जास्त लिहितो, कारण लांबच्या राइडमध्ये माणूस पायांपेक्षा बैठकीने आधी हरतो.

पॅडच्या शॉर्ट्सच्या (बसायच्या जागी आतून गादी शिवलेल्या सायकल शॉर्ट्सच्या) आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं आणि प्रत्येकाला ते विचित्र वाटतं. पण पॅड बनवताना सगळी मेहनत घेतलेली असते ती तिथे शिवण येऊ नये म्हणून. आत दुसरा कपडा घातला की नेमकी ती शिवण सीट आणि मांडी यांच्यामध्ये येते आणि तासाभरात कातडी लाल होते. पूर्वी हे पॅड खऱ्या चामड्याचं असायचं, शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्याचं. धुऊन वाळलं की ते कडक व्हायचं, म्हणून त्याला क्रीम चोळून मऊ करावं लागायचं. आता पॅड कृत्रिम फोमचं असतं, तरी क्रीम टिकून आहे, कारण ते घर्षण कमी करतं. कापडाला जो घट्ट, ताणला जाणारा गुण आहे तो स्पँडेक्सचा. जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यूपाँट कंपनीत 1958 मध्ये हा धागा तयार केला. त्याआधीच्या सायकलपटूंच्या शॉर्ट्स लोकरीच्या असायच्या, भिजल्या की लोंबायच्या.

जाड पॅड म्हणजे चांगलं पॅड असं समजू नका. फार जाड आणि मऊ पॅड दाबाखाली गोळा होतं, घाम धरतं आणि रात्रीत वाळत नाही. पॅड हाताने दाबून पाहा: बसायची दोन हाडं जिथे टेकतात तिथे ते घट्ट असावं, कडेला पातळ होत जावं. तुम्ही ताठ बसून चालवत असाल तर मागचा भाग महत्त्वाचा. पुढे झुकून चालवत असाल तर पुढचाही. शक्य असेल तर शॉर्ट्स घालून सीटवर बसूनच ठरवा, आरशासमोर उभं राहून नाही. खांद्यावरून पट्टे येणाऱ्या बिब शॉर्ट्समध्ये कमरेला इलॅस्टिक रुतत नाही आणि पॅड जागेवरून हलत नाही, म्हणून दिवसभर चालवायला मी त्याच घालतो. बायकांना वाटेत त्या उतरवणं गैरसोयीचं होतं. आमच्याबरोबरच्या मैत्रिणीने मागून उघडणारी बिब आणली होती आणि ती त्यावर खूश होती. घट्ट कपड्यांचा संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफ पँट घाला, फक्त तिच्या दोन पायांमधली जाड शिवण बघून घ्या.

शॉर्ट्सचे दोन जोड हवेतच. जर्सी थोडी दमट राहिली तर अंगावर वाळते, पण दमट पॅड कधीही घालू नका. ओलावा, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की फोड येतात आणि मग पुढचे दिवस सायकलवर बसणं हीच शिक्षा होते. मुक्कामाला पोचल्यावर गप्पा मारायच्या आधी शॉर्ट्स बदला.

धुण्याची पद्धत अशी. आंघोळीबरोबरच शॉर्ट्स आणि जर्सी उलट्या करून थंड पाण्यात थोड्याशा साबणाने धुवायच्या. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरवण्याचं कापडाचं काम मंदावतं. पिळताना पॅड मुरगळायचं नाही, फोम आतून सुटतो. त्याऐवजी कोरडा टॉवेल पसरा, त्यावर शॉर्ट्स आडवी ठेवा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर अनवाणी उभे राहून पाय दाबत पुढे सरका. टॉवेल ओलाचिंब होतो आणि शॉर्ट्स जेमतेम दमट राहते. मग पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून पंख्याखाली टांगायची. पावसाळी हवेतही सकाळपर्यंत पॅडच्या मध्यभागाला हात लावला तर कोरडं लागायचं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पहिले बोळे लगेच भिजतात, खरं काम दुसरे करतात.

उतार संपला तिथे रस्ता खणलेला होता आणि पुढचा बराच पट्टा चिखलाचा. इथून सायकलची गोष्ट सुरू होते. चिखल फ्रेमवर बसतो त्याने काही बिघडत नाही. तो चेनमध्ये जातो तेव्हा बिघडतं. चेनची झीज बाहेर दिसत नाही. ती आतल्या पिनांवर होते. तेल आणि बारीक वाळू मिळून तिथे घासत राहतात आणि पॅडल मारताना करकर ऐकू येते. ती करकर ऐकून त्यावर आणखी तेल ओतणारे बरेच दिसतात. त्याने आवाज थांबतो, वाळू मात्र आणखी आत जाते.

मुक्कामावरचा माझा क्रम असा होता. सगळ्यात आधी चेन, कारण तिची काळी घाण उडून चाकांवर बसते. चाकं आधी धुतली तर दोनदा धुवावी लागतात. चिखल ओला असतानाच बादलीभर पाणी वरून सोडायचं. मग डिग्रीझर (तेलकट घाण सोडवणारं द्रावण) लावलेलं फडकं खालच्या चेनभोवती मुठीत धरून पॅडल उलटं फिरवायचं. फडकं काळं झालं की घडी बदलायची. जुन्या टूथब्रशने चेनच्या दोन्ही बाजू घासायच्या. डिरेल्युअरच्या (मागे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) दोन छोट्या चाकांवर काळा राप बसतो, तो प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. या चाकांकडे फार कमी लोक बघतात, पण निम्मी घाण तिथेच साठलेली असते. कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) दोन चकत्यांमध्ये फडक्याची कड घालून दात साफ करतात तशी मागेपुढे ओढायची. मग साध्या भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने फ्रेम वरून खाली, वेगळ्या स्पंजने. चेनचा ब्रश आणि फ्रेमचा स्पंज कधीही एक करू नका.

एका मुक्कामाजवळ गाड्या धुवायचा प्रेशर पाइप होता आणि मंडळींना मोह झाला. हब (चाकाचा मध्य), बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्यांचा आस) आणि हेडसेट (हँडल वळतं तो सांधा) यांवर तो झोत मारू नका. तिथली सीलं रस्त्यावरचं उडणारं पाणी अडवण्यासाठी असतात; जोराचा झोत त्यांना ओलांडून बेअरिंगमधल्या ग्रीसपर्यंत पाणी पोचवतो. बादली पुरते.

धुऊन झालं की सायकल दोनचार वेळा जमिनीवर हलकी आपटून पाणी झटकायचं, चेन कोरड्या फडक्याने पुसायची आणि पूर्ण सुकू द्यायची. मग प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरणाऱ्या नळीवर) एक थेंब ल्यूब (चेनचं तेल), आतल्या बाजूने. सगळी चेन झाली की पॅडल काही वेळ उलटं फिरवायचं, तेल आत मुरू द्यायचं आणि शेवटी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. चेन हाताला जवळजवळ कोरडी लागली पाहिजे. तेलाची गरज पिनांना असते, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. हे रात्रीच करा. पावसासाठी वेट ल्यूब न्या; ड्राय ल्यूब कोरड्या धुळीच्या रस्त्यावर उत्तम, पण एका चांगल्या सरीत धुऊन जातं.

ब्रेकबद्दल एकच गोष्ट जिवाची आहे. डिस्क ब्रेक असतील तर ल्यूब किंवा कोणताही स्प्रे रोटरच्या (ब्रेक जिला पकडतो त्या धातूच्या चकतीच्या) जवळ नेऊ नका, बोटंसुद्धा लावू नका. तेलाचा अंश ब्रेकच्या पॅडमध्ये मुरला की ब्रेक किंचाळतो आणि उतारावर धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. साफसफाईसाठी चाक काढलं असेल तर हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेक चाकाची कडाच पकडतात त्यांनी) पॅड नखाने तपासावेत. त्यात रुतलेले खडे अॅल्युमिनियमची रिम खातात.

किनाऱ्याच्या टप्प्यात चिखल नव्हता, सायकल स्वच्छ दिसत होती आणि म्हणून बहुतेकांनी हात लावला नाही. खारी हवा मात्र आपलं काम करतच असते. तिथेही रोज गोड्या पाण्याने धुऊन चेन पुसणं आणि बोल्टच्या डोक्यांवर तेलाचं बोट फिरवणं गरजेचं आहे. ज्यांनी टाळलं त्यांच्या चेनवर दुसऱ्या सकाळी तांबूस छटा आली होती.

या साफसफाईचा मला वाटणारा मोठा फायदा वेगळाच आहे. फडकं हातात असताना सायकलचा प्रत्येक भाग डोळ्यांखालून जातो. टायर पुसताना मला रबरात रुतलेली काचेची कपची सापडली, अजून ट्यूबपर्यंत पोचली नव्हती. दुसऱ्या एकाला मागच्या चाकाची सैल झालेली तार हाताला लागली.

पिशवीत एवढंच होतं: दोन सुती फडकी, टूथब्रश, ल्यूबची आणि डिग्रीझरची छोटी बाटली, अल्कोहोलच्या पुड्या, रबरी हातमोजे, प्लास्टिकची पट्टी. सगळं एका झिपच्या पिशवीत, कपड्यांपासून लांब. डिग्रीझरचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि काळी फडकी परत घेऊन या.

संध्याकाळी उशिरा पोचायची शक्यता असेल तर एक सूचना. झगमगीत फ्लोरोसंट रंग अतिनील किरणांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतात, म्हणून दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतात. रात्री गाडीच्या दिव्यात त्यांचा उपयोग नाही. तिथे परावर्तक पट्ट्या हव्यात, आणि त्या घोट्यांवर. वरखाली होणारे पाय दिसले की मागच्या चालकाला समोर सायकलवाला आहे हे लगेच ओळखू येतं. दिवे अर्थातच वेगळे.

परतल्यावर चेन नीट मोजा. चेनची कडी ते कडी अंतर 12.7 मिलिमीटर असतं, म्हणजे 24 कड्यांचे 304.8. स्टीलची पट्टी धरून एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या कडीच्या पिनपर्यंत मोजलं आणि दीड मिलिमीटरने जास्त भरलं, तर झीज अर्धा टक्का झाली. मागे अकरा-बारा चकत्या असलेल्या सायकलला तेव्हाच चेन बदला; आणखी ओढत नेली तर कॅसेटचे दात झिजतात, नवी चेन त्यांवरून घसरते आणि मग दोन्ही बदलावं लागतं. माझी चेन अजून या मर्यादेच्या आत आहे. पुढच्या पावसाळी राइडआधी पुन्हा मोजणार आहे.