काठवट हॉलमध्ये, आणि तीही कांद्यांसकट

लाकडी बोल घेऊन घर सजवायचंय ना, मग एकच घ्या, मोठा घ्या, आणि त्यात रोजच्या वापरातलं काहीतरी असू द्या. छोटे छोटे पाच बोल ओळीने मांडले की घर दिसत नाही, दुकान दिसतं. बाकी जे काही सांगणार आहे ते सगळं यानंतरचं.

आता मोठा बोल म्हणजे कुठला, तर आपल्याकडे तो होताच की, काठवट. आमच्या सासूबाई बीडकडच्या, त्यांच्या माहेरी ज्वारीचं पीठ मळायला काठवटच असायची, आधणाचं पाणी ओतलं तरी हाताला चटका बसत नाही, आणि जड असल्यामुळे पीठ रगडताना जागची हलत नाही, परात कशी फरशीवर घसरत घसरत पार ओट्यापर्यंत जाते. गावच्या सुताराने अख्ख्या ओंडक्यातून वाकसाने कोरलेली, जोड कुठेच नाही. स्टील आल्यावर या काठवटी माळ्यावर गेल्या, माळ्यावरून भंगारात गेल्या, आणि आता तिथून पॉलिश मारून शोरूममध्ये आल्यात "रस्टिक डो बोल" नाव लावून. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर पोतंभर ज्वारी येते."

तर आधी माळा बघा, नाहीतर गावाकडच्या काकूंना फोन करा. नसेलच कुणाकडे तर जुन्या बाजारात मिळतात, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, फक्त तिथे गेल्यावर "अँटिक आहे मॅडम" या वाक्यावर पाकीट काढू नका. आधी उलटी करून बघायची. हाताने कोरलेल्या काठवटीच्या पाठीवर वाकसाचे घाव दिसतात, छोटे छोटे चपटे, एकसारखे नसलेले, बोट फिरवलं की कळतात. आतली बाजू मात्र गुळगुळीत, आणि बरोबर मध्ये, जिथे तळहाताचा जोर पडतो तिथे जास्त झिजलेली असते. काठसुद्धा एकाच बाजूला झिजलेला, कारण बाई रोज त्याच हाताने धरणार. जिथे सगळीकडे सारखाच काळपट रंग आणि सारखीच झीज दिसते तिथे समजायचं की हे म्हातारपण मागच्या महिन्यात आलंय. पॉलिशचा वास तर लगेच कळतो. आणि जुन्या काठवटीला कधीकधी पत्र्याची पट्टी ठोकलेली असते, भेग वाढू नये म्हणून. ती काढून टाकू नका प्लीज! मला तर अशी डागडुजी केलेलीच जास्त आवडते.

नवीनच घ्यायचं असेल तरी हरकत नाही, काही वाईट नसतं त्यात. बाजारात सगळ्यात जास्त आंब्याचं लाकूड दिसतं, फळ कमी झालेली जुनी झाडं तोडतात त्याचं बरंचसं असतं, रंगाला छान असतं, कधी त्यात काळ्या शाईने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघा असतात, त्या बुरशीने काढलेल्या असतात आणि लाकूड नीट वाळलेलं असेल तर त्यांचा काही त्रास नाही. बाभूळ जड आणि चिवट. सागाच्या मुळाचे ते भोकाभोकांचे, वेडेवाकडे बोल असतात ना, ते बहुतेक जावा बेटावरून येतात, तिकडे सागाची झाडं तोडल्यावर बुंधे आणि मुळं जमिनीत उरतात त्यातून करतात. दिसायला एकदम भारी, पण भोकांत धूळ बसते आणि पुसता पुसता जीव जातो, माझ्याकडून तरी नाही होणार. सावंतवाडीला जाणं झालं तर चितारआळीत चक्कर मारा, तिथली लाकडी फळं प्रसिद्ध आहेत, पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात करायचे, आता आंब्याचंही वापरतात. पण ती चकचकीत रंगाची फळं या खडबडीत लाकडात ठेवू नका, दोघांचंही रूप जातं. त्यांना वेगळी जागा द्या.

ठेवायची कुठे? टीव्ही युनिटवर नको, तिथे आधीच रिमोट, सेट टॉप बॉक्स आणि कुणाची तरी ट्रॉफी असते. एसीच्या झोताखाली अजिबात नको, लाकूड एका बाजूने सुकलं की तडकलंच म्हणून समजा. मी आमची खिडकीच्या बाजूला, एका जुन्या पाटावर ठेवली आहे, पाट असा पितळी फुल्यांचा, आणि पाट जमिनीवरच, टेबल वगैरे काही नाही. संध्याकाळचं ऊन तिरकं येतं तेव्हा एकेक घाव उठून दिसतो. तेच वरून ट्यूबलाइट मारा, सगळं सपाट. म्हणून रात्रीसाठी कोपऱ्यात पिवळा दिवा, वॉर्म व्हाइट म्हणून मिळतो तो.

आता त्यात काय ठेवायचं हा माझा आवडता भाग. सुगंधी वाळकी फुलं आणि रंगवलेले दगड मला बघवत नाहीत, आमच्याकडे बहुतेक दिवस चक्क कांदे आणि लसणाच्या गड्ड्या असतात, आणि विश्वास ठेवा, गुलाबी कांदे जुन्या लाकडात जे दिसतात ते कुठल्याही सेंटरपीसला जमणार नाही. महाशिवरात्रीच्या आसपास कवठं. कवठाचं ते करडं खरखरीत कवच लाकडाच्याच घरातलं वाटतं, शिवाय खोलीभर वास. चैत्रात कैऱ्या, देठाला पान असलेल्या मिळाल्या तर बघायलाच नको. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं, दिवाळीच्या आधी नुसत्या कोऱ्या पणत्या. आणि भोगीच्या आदल्या दिवशी मंडईतून आल्यावर मी सगळं त्यातच ओतते, गाजरं, बोरं, वालाच्या शेंगा, छोटी वांगी, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, तेव्हा आमच्या हॉलसारखा हॉल अख्ख्या सोसायटीत नसतो, हे मी मुद्दाम शेजारच्या ताईंना ऐकू जाईल असं बोलते.

गणपतीत ओली फुलं, पत्री ठेवायची असेल तर खाली केळीचं पान अंथरा. पाणी मात्र थेट कधीच भरायचं नाही. तरंगती फुलं हवीत तर आत काचेचं भांडं बसवा. पेटत्या पणत्या ठेवायच्या असतील तर त्यांना पितळेचं ताट, लाकडात नको, हे सांगायला नको खरं तर, पण इन्स्टावर लोक काय काय करतात ते बघून सांगावंसं वाटतं. लोखंडाची कोणतीही वस्तू ओली असताना त्यात ठेवली की बाभळीवर किंवा सागावर काळानिळा डाग पडतो, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचं ते भांडण असतं. डाग पडला तर अर्धं लिंबू चोळायचं आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, बराच फिका होतो.

तेलाचं सगळे विचारतात. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो. केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं, तेच लावा, आणि मधवाल्यांकडून थोडं मधमाश्यांचं मेण आणलं तर वजनाने चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, थंड झालं की मलम तयार. लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. जवसाचं तेलपण चालतं, ते हवेत घट्ट होतं, पण हार्डवेअरमध्ये "बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात सुकवणारी रसायनं घातलेली असतात, खायच्या भांड्याला ते नको. आणि जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून डब्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, खरंच, उघड्यावर पसरून वाळवा. व्हार्निश मारायचं असेल तर मग प्लास्टिकचाच आणा ना.

पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, विशेषतः मुंबई-कोकणात. घाबरू नका, कोरड्या कापडाने पुसा, व्हिनेगरचा हात फिरवा, आणि भिंतीला टेकवून उभी करा म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. कडक उन्हात नको. नवीन लाकूड ओलं असताना कोरलेलं असेल तर पहिल्या वर्षी थोडं लंबगोल होतं, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत फारसं नाही. भेग पडली तर एमसील भरू नका, ओळखीचा सुतार असेल तर त्याला डमरूच्या आकाराची लाकडी चीप बसवायला सांगा, मस्त दिसते.

खरा शत्रू भुंगा. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली की तो आत जिवंत आहे. आंब्याच्या लाकडात, त्यातही बाहेरच्या फिक्या भागात, तो जास्त लागतो, सागाच्या गाभ्याला सहसा जात नाही. बोल फ्रीजरमध्ये मावत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. मावत नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, पण एकदा औषध मारलं की त्यात परत खायचं काही ठेवायचं नाही, नुसत्या किल्ल्या आणि लाइट बिलं.

नणंदबाईंनी काल एक लिंक पाठवली, घेऊ का म्हणून. मी विचारलं वजन किती लिहिलंय बघा, आणि उलट्या बाजूचा फोटो आहे का. फोटो नव्हता. त्यांना म्हटलं, थांबा, आधी मामींच्या माळ्यावर बघू.